आईच्या बायोप्सीत क्रिसेंट आले, म्हणजे किडनी गेली का?

प्रश्न असा आला आहे: आई 58 वर्षांची, राहणार मानेवाडा, नागपूर. दिवाळीनंतर बारीक ताप, सांधेदुखी, अन्नावरची वासना उडालेली, वजन सहा किलोंनी उतरलं. सहा आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा पदार्थ) 1.1 वरून 4.6 वर गेलं. लघवीत प्रोटीन दोन प्लस, लाल पेशी भरपूर. रक्तात एमपीओ-अँका (स्वतःच्याच पेशींवर उलटलेली एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. बायोप्सीच्या रिपोर्टात 14 ग्लोमेरुलाय (किडनीतले रक्त गाळणारे गुच्छ). त्यांतले 5 नॉर्मल, 6 मध्ये सेल्युलर क्रिसेंट, 2 मध्ये फायब्रोसेल्युलर क्रिसेंट, 1 पूर्ण स्क्लेरोज्ड. काही ठिकाणी फायब्रिनॉइड नेक्रोसिस. इंटरस्टिशियल फायब्रोसिस आणि ट्युब्युलर ॲट्रॉफी 20 टक्के. शेवटी ‘पॉसी-इम्यून क्रिसेंटिक ग्लोमेरुलोनेफ्रायटिस’. स्टिरॉइडची मोठी इंजेक्शनं बायोप्सीच्या आधीच सुरू झाली होती. मुलाचे दोन प्रश्न: रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता तर पाठीत सुई टोचायची गरज काय होती? आणि किडनी गेली असंच समजायचं का?

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडवली असणार. किडनी गेलेली नाही. घाईची वेळ आहे, पण तुमच्या रिपोर्टात वाचवण्यासारखं बरंच शिल्लक दिसतंय. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, रिपोर्टातल्याच आकड्यांवरून म्हणते आणि ते आकडे कसे वाचायचे ते पुढे सांगते. मी किडनीचे पेशंट बघणारी डॉक्टर नव्हे. मी पॅथॉलॉजिस्ट, गेली चोवीस वर्षं नागपुरात बसून किडनीच्या बायोप्सी वाचते. औषध कोणतं, किती आणि कधी, हे तुमच्या आईला तपासणारे नेफ्रॉलॉजिस्टच ठरवतील. पण रिपोर्टातली एकेक ओळ काय बघून लिहिली जाते, हे मात्र माझं रोजचं काम आहे.

रिपोर्ट हातात आला की घरच्यांची नजर ‘8 क्रिसेंट’ या आकड्यावर अडकते. माझी नजर आधी जाते ती ‘5 नॉर्मल’ आणि ‘20 टक्के’ या दोन आकड्यांवर. किती बिघडलं हे महत्त्वाचं आहेच, पण त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं म्हणजे बिघाड ताजा किती आणि जुना किती. ताजा बिघाड औषधाने मागे फिरतो. जुना म्हणजे व्रण, आणि व्रणावर कुठलंच औषध चालत नाही.

बायोप्सीचा तुकडा बघितला नसेल तर डोळ्यांसमोर शेवई आणा. एक-दीड सेंटिमीटर लांब, जेमतेम एक मिलिमीटर जाड. असे दोन किंवा तीन तुकडे. एक फॉर्मलिनमध्ये जातो, दुसरा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी वेगळ्या द्रावात. हा दुसरा तुकडा म्हणजे विदर्भातली आमची जुनी डोकेदुखी. मे महिन्यात चंद्रपूरहून, गोंदियाहून नमुने येतात, बाहेर 45-46 अंश, आणि कुणीतरी तो तुकडा सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून एसटीने पाठवलेला असतो. पोचेपर्यंत गॉज वाळून कडक, तुकडाही गेलेला. मिशेल्स मीडियम नावाचं द्रावण वापरलं तर नमुना दोन-तीन दिवस साध्या तापमानालाही टिकतो. आता बहुतेक ठिकाणी तेच वापरतात, पण ही गोष्ट गळी उतरवायला मला काही वर्षं फोन करत बसावं लागलं. तुकडा लॅबमध्ये आला की उणे वीसच्या आसपासच्या क्रायोस्टॅटमध्ये गोठवून कापायचा. बाहेर नागपूरचा मे आणि काचेच्या आत हिमालय; उन्हाळ्यात आमच्या टेक्निशियनला हे काम कधी नकोसं झालेलं मी बघितलेलं नाही.

फॉर्मलिनमधला तुकडा मेणात बसवून दोन-तीन मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि चार-पाच रंगांत रंगवतात. त्यात मला सगळ्यात आवडतो तो सिल्व्हरचा रंग. ग्लोमेरुलस म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ, एक पंचमांश मिलिमीटर रुंदीचा. त्यातल्या प्रत्येक केशवाहिनीची भिंत सिल्व्हरमध्ये काळ्या रेघेसारखी उमटते. निरोगी गुच्छात ही रेघ सलग असते, हात न उचलता काढलेल्या रांगोळीसारखी. तुमच्या आईच्या आजारात ती मध्येच तुटलेली दिसते. ‘फायब्रिनॉइड नेक्रोसिस’ लिहिताना पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांपुढे हीच तुटलेली रेघ असते आणि तिच्या शेजारी ट्रायक्रोम रंगात कुंकवासारखं लाल उठलेलं फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना बनणारे धागे.

रेघ तुटते कशी? आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू मारायला दारूगोळा भरलेला असतो. एमपीओ आणि पीआर3 हे त्यातलेच दोन पदार्थ. अँका म्हणजे शरीराने चुकून याच दारूगोळ्याविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी. एखाद्या साध्या संसर्गाने न्यूट्रोफिल चाळवला की थोडा एमपीओ त्याच्या पृष्ठभागावर येतो, अँका त्याला जाऊन चिकटते, आणि तो गडी बाहेरच्या शत्रूऐवजी स्वतःच्याच गल्लीत, केशवाहिनीच्या आत, सगळा माल फोडतो. कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली यंत्रणा, त्यातही सी5ए हा घटक, आणखी न्यूट्रोफिल बोलावून आणतो. भिंतीला भोक पडतं. ही नुसती कल्पना नाही: 2002 साली उंदरांना एमपीओविरुद्धची अँटिबॉडी टोचून हुबेहूब असाच किडनीचा आजार करून दाखवला गेला.

भोकातून रक्तातलं फायब्रिन गुच्छाभोवतीच्या वाटीत सांडतं. या वाटीला बोमन्स कॅप्सूल म्हणतात. सांडलेलं बघून वाटीच्या आतल्या कडेच्या पेशी भराभर वाढतात, त्यांत मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी येऊन मिसळतात, आणि पेशींचा हा थर गुच्छाला एका बाजूने दाबत जातो. कापात त्याचा आकार थेट चंद्रकोरीच्या टिकलीसारखा. क्रिसेंट म्हणतात तो हाच. दिसायला सुरेख आणि वागायला वाईट.

इथे वय महत्त्वाचं. पहिल्या दिवसांत चंद्रकोर निव्वळ पेशींची असते, म्हणजे सेल्युलर. मग त्यात तंतू शिरू लागतात, ती फायब्रोसेल्युलर. पुढे पेशी जवळपास संपतात आणि नुसता कोलाजनचा पट्टा उरतो, ती फायब्रस. शेवटी अख्खा गुच्छच गुलाबी गोळा होऊन बसतो, तो स्क्लेरोज्ड. हा प्रवास महिन्यांचा असतोच असं नाही, काही आठवड्यांतही उरकतो. बोमन्स कॅप्सूल फुटली असेल तर आणखी लवकर, कारण बाहेरचे तंतू बनवणारे कारागीर थेट आत शिरतात. तुमच्या आईच्या आठ चंद्रकोरींपैकी सहा अजून सेल्युलर आहेत आणि एकही पूर्ण फायब्रस नाही. आजार रंगात आला असताना सुई पडली आहे.

फोकल, सेगमेंटल हे शब्दही तुमच्या रिपोर्टात कुठेतरी असतील. ते समजायला नागपूरकरांना कळमन्याच्या संत्रा मार्केटला नेणं सगळ्यात सोपं. पेटीतली काही संत्री नासकी आणि बाकीची चांगली, हे फोकल. एकाच संत्र्यात दोन फोडी नासलेल्या आणि बाकीच्या ताज्या, हे सेगमेंटल. अँकाचा आजार सुरुवातीला असाच असतो: फोकल आणि सेगमेंटल. आणि त्याची एक खास खूण म्हणजे एकाच तुकड्यात वेगवेगळ्या वयाचे बिघाड शेजारी-शेजारी दिसतात, इकडे ताजी चंद्रकोर, तिकडे जुना व्रण. याउलट अँटी-जीबीएम नावाचा चुलत आजार एका झटक्यात येतो, त्यामुळे त्यातल्या चंद्रकोरी बहुधा एकाच वयाच्या. तुमच्या रिपोर्टात सेल्युलर, फायब्रोसेल्युलर आणि स्क्लेरोज्ड हे तिन्ही आहेत. ताप दिवाळीनंतर आला असेल, पण किडनीतली धुसफूस त्याच्याही थोडी आधीची असावी असा माझा अंदाज. मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी एखादा स्क्लेरोज्ड ग्लोमेरुलस नुसत्या वयानेही सापडतो, तेव्हा त्या एकावर मी फार भार टाकणार नाही.

कळमन्याची उपमा आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. एका किडनीत सरासरी दहा लाख ग्लोमेरुलाय. त्यांतले चौदा आपण बघितले. अख्ख्या मार्केटमधून चौदा संत्री उचलून मालाचा भाव ठरवण्यासारखंच हे. म्हणून तुकड्यात निदान दहा तरी ग्लोमेरुलाय असावेत असा आमचा आग्रह असतो. चौदा हा ठीक नमुना आहे, फार श्रीमंत नाही.

यात माझी स्वतःची एक चूक सांगते. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका बाईंची बायोप्सी आली, पाच ग्लोमेरुलाय, पाचही देखणे. मी रिपोर्ट लिहून टाकला: लक्षणीय बिघाड नाही. संध्याकाळी त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टचा फोन. ‘मॅडम, लघवी लाल पेशींनी भरून राहिली, कास्ट दिसून राहिले, अन् तुम्ही नॉर्मल म्हणून राहिल्या?’ मी ब्लॉक परत काढला, आणखी खोल काप घेतले. आठव्या की नवव्या पातळीवर सहावा ग्लोमेरुलस उगवला, आणि त्याच्या एका कोपऱ्यात भिंगातून तांदळाच्या कणीएवढी दिसणारी लाल जागा, शेजारी तुटलेली काळी रेघ. रिपोर्ट बदलला, उपचार दुसऱ्या दिवशी सुरू झाले. लघवीच्या रिपोर्टाशी बायोप्सी जुळत नसेल तर मी आजही सही करत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. अँका पॉझिटिव्ह होती तर सुई कशाला? कारण अँका एकटी पुरत नाही. हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला असेल तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टीबीतही येऊ शकते. रक्तदाबावरचं हायड्रॅलझिन किंवा थायरॉइडसाठीचं प्रोपिलथायोयुरासिल यांसारख्या औषधांनीही येते. झडपेला जंतू लागलेला असताना कुणी प्रतिकारशक्ती पाडणारी औषधं दिली तर काय होईल, ते सांगायला नको. उलटही होतं: बायोप्सीत आजार अगदी पाठ्यपुस्तकातला असतो आणि अँका निगेटिव्ह, साधारण दहात एखादा रुग्ण असा निघतो. शिवाय ताजं किती आणि जुनं किती हे रक्ताची कुठलीच तपासणी सांगत नाही. क्रिएटिनिन 4.6 दोन्हींत येतं.

तिसरं कारण इम्युनोफ्लुरोसन्समध्ये आहे. त्या गोठवलेल्या कापांवर चमकणारे रंग लावून अंधाऱ्या खोलीत बघायचं असतं. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आणखी एका आजारात, गुच्छ सगळ्या रंगांत उजळतो. आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये, जो बहुतेक लहान मुलांत पायांवरच्या पुरळासह येतो, गुच्छाच्या देठात आयजीए ही अँटिबॉडी चमकते. अँटी-जीबीएममध्ये केशवाहिन्यांच्या भिंतीवर आयजीजी या दुसऱ्या अँटिबॉडीची एक बारीक, सलग हिरवी रेघ. आणि अँकाच्या आजारात अंधार. पॉसी-इम्यून याचा अर्थ एवढाच: इम्यून पदार्थ जवळपास काही नाही. नव्या रेसिडेंट्सना हे पचायला वेळ लागतो. काहीच न दिसणं हा इथे निष्कर्ष असतो, आणि म्हणूनच नमुना नीट आला पाहिजे. वाळलेल्या तुकड्यातही अंधारच दिसतो. अँटी-जीबीएमच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांत अँकाही पॉझिटिव्ह असते, बहुधा एमपीओच. त्यांना प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला द्रव भाग काढून बदलणं, लगेच लागतं. तुमच्या आईच्या तुकड्यात ती हिरवी रेघ नव्हती, हे सुई टोचल्याशिवाय इतक्या खात्रीने कळलं नसतं.

इंजेक्शनं बायोप्सीच्या आधी सुरू केली म्हणून नाराज होऊ नका. क्रिएटिनिन इतक्या वेगाने चढत असताना बायोप्सीच्या तारखेची वाट बघत बसायचं नसतं. दोन-तीन दिवसांच्या स्टिरॉइडने चित्र पुसलं जात नाही.

व्हॅस्क्युलायटिस म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह, आणि वाहिनी कोणत्या आकाराची यावर किडनीत काय दिसणार ते ठरतं. ताकायासूसारख्या मोठ्या वाहिन्यांच्या आजारात किडनीची मुख्य धमनी अरुंद होते, रक्तदाब वाढतो, पण गुच्छ बहुधा शाबूत. पॉलिआर्टेरायटिस नोडोसामध्ये मधल्या धमन्यांना फुगे येतात आणि किडनीचे तुकडे रक्ताअभावी मरतात. तिथे सुई टोचणंच धोक्याचं, फुगा फुटू शकतो, म्हणून आधी अँजिओग्राफी.  तुमच्या आईचा आहे तो सगळ्यात बारीक वाहिन्यांचा, आणि किडनी म्हणजे बारीक वाहिन्यांचंच गाठोडं. फुफ्फुसातही तशीच जाळी आहे. म्हणून खोकल्यातून रक्त, अचानक दम लागणं किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन झरकन उतरणं यांतलं काहीही झालं तर रात्र असो की रविवार, ताबडतोब हॉस्पिटल.

रिपोर्टातली जी ओळ कुणी वाचत नाही ती म्हणजे इंटरस्टिशियल फायब्रोसिस आणि ट्युब्युलर ॲट्रॉफी. गुच्छांमधून गाळलेलं पाणी नळ्यांतून जातं. त्या नळ्या सुकल्या आणि मधल्या जागेत तंतू भरले की ती जागा कायमची गेली. ट्रायक्रोममध्ये हे निळं दिसतं. स्लाइड डोळ्यांसमोर धरून नुसत्या उजेडात बघितली तरी किती निळी आहे यावरून मला बरंच कळतं. 20 टक्के म्हणजे चार भाग लाल, एक भाग निळा. मी 70 टक्के निळ्या स्लाइडही बघितल्या आहेत.

त्यातली एक सांगते. गडचिरोली जिल्ह्यातले एक शेतकरी. फुफ्फुसात पोकळी दिसली म्हणून टीबीची औषधं सुरू झाली. थुंकीत जंतू कधीच सापडला नव्हता. नाकातून खपल्या, रक्त, कानाला दडे, हे सगळं चालू होतं. आपल्याकडे छातीच्या फोटोत पोकळी म्हटलं की टीबी आठवणार, यात कुणाला दोष देणं सोपं आणि खोटं आहे. बहुतेक वेळा तो टीबीच असतो. पण सात महिन्यांत एकदाही कुणी लघवी तपासली नव्हती. त्यांचा आजार पीआर3-अँकाचा, ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. माझ्याकडे तुकडा आला तेव्हा अठरांपैकी पंधरा ग्लोमेरुलाय गोळे झाले होते. डायलिसिसवर गेले.

लघवीची रुटीन तपासणी म्हणजे लॅबमधली जवळपास सगळ्यात स्वस्त तपासणी. पण ती ताजी हवी आणि कुणीतरी स्वतः डोळा लावून बघितली पाहिजे. गुच्छातून पिळून आलेल्या लाल पेशी वाकड्यातिकड्या असतात, काहींना मिकी माउससारखे कान. नळीत जमून बाहेर पडलेल्या लाल पेशींच्या कांड्या, म्हणजे रेड सेल कास्ट, दिसल्या तर बिघाड गुच्छातच आहे हे जवळपास पक्कं. आपल्या भागात इतर कारणंही ध्यानात ठेवावी लागतात. सिकलसेलच्या रुग्णाला लघवीतून रक्त जाऊ शकतं, ते किडनीच्या आतल्या टोकांना इजा होऊन. पूर्व विदर्भातला तरुण पेशंट असेल तर ती तपासणी आधी. पावसाळ्यात ताप आणि चढलेलं क्रिएटिनिन म्हटलं की स्क्रब टायफस, लेप्टो, डेंग्यू. त्यांत किडनी बिघडते ती वेगळ्या तऱ्हेने आणि बहुतेकांची परतही येते.

आता आकडे. अशा बायोप्सींचे चार गट 2010 साली आंतरराष्ट्रीय पॅथॉलॉजिस्टांनी ठरवले. निम्मे किंवा जास्त ग्लोमेरुलाय नॉर्मल असतील तर फोकल. निम्म्या किंवा जास्तींत पेशीदार चंद्रकोरी असतील तर क्रिसेंटिक. निम्मे किंवा जास्त स्क्लेरोज्ड असतील तर स्क्लेरोटिक. कशातच बसलं नाही तर मिक्स्ड. या हिशेबात फायब्रोसेल्युलरही पेशीदारच धरतात, त्यामुळे तुमच्या आईचे चौदात आठ, म्हणजे क्रिसेंटिक गट. त्या अभ्यासात 100 रुग्ण होते. पाच वर्षांनी किडनी चालू राहिलेले फोकलमध्ये 93 टक्के, क्रिसेंटिकमध्ये 76, मिक्स्डमध्ये 61, स्क्लेरोटिकमध्ये 50. लक्षात घ्या, नाव सगळ्यात भीतिदायक आहे ते क्रिसेंटिकचं, पण नंबर दुसरा. कारण चंद्रकोर ताजी असते, गोळा झालेला ग्लोमेरुलस परत येत नाही.

2018 साली आणखी एक हिशेब आला, तो मला जास्त पटतो, कारण तो चंद्रकोरी मोजतच नाही. तो तीनच गोष्टी विचारतो. नॉर्मल ग्लोमेरुलाय किती? 25 टक्क्यांहून जास्त असतील तर शून्य गुण, 10 ते 25 असतील तर 4, त्याखाली 6. नळ्यांची ॲट्रॉफी आणि फायब्रोसिस 25 टक्क्यांहून जास्त? असेल तर 2. निदानाच्या वेळी ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, 15 किंवा कमी? असेल तर 3. तुमच्या आईचे नॉर्मल 14 पैकी 5, म्हणजे सुमारे 36 टक्के: शून्य. 20 टक्के निळं: शून्य. क्रिएटिनिन 4.6 वरून ईजीएफआर 10-11 च्या आसपास येतो: तीन. एकूण 11 पैकी 3. शून्य म्हणजे कमी धोका, 2 ते 7 मध्यम, 8 किंवा वर जास्त. मूळ अभ्यासात मध्यम गटातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांची किडनी तीन वर्षांत निकामी झाली, वरच्या गटात सुमारे दोन तृतीयांशांची, खालच्या गटात कुणाचीच नाही. तुमच्या आई मध्यम गटात आहेत आणि त्यातही खालच्या टोकाला. त्यांचे तिन्ही गुण क्रिएटिनिनमुळे आलेत, तुकड्यातल्या व्रणांमुळे एकही नाही. मी सुरुवातीला वाचवण्यासारखं बरंच आहे म्हटलं ते यावरून.

हे आकडे गटाचे आहेत, तुमच्या आईचे नव्हेत. त्यांच्या बाबतीत काय होणार ते पुढचे दोन-तीन महिने सांगतील.

उपचारांबद्दल थोडंच बोलते. स्टिरॉइडसोबत सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटक्सिमॅब, यांतलं एक बहुधा तुमच्या डॉक्टरांनी सुचवलंच असेल. हा आजार उपचारांशिवाय सोडला तर काय होतं हे जुन्या डॉक्टरांनी बघितलेलं आहे: 1958 च्या एका अभ्यासात अशा रुग्णांचं सरासरी आयुष्य पाच महिने भरलं होतं. आज बहुसंख्य लोक वर्षानुवर्षं जगतात, ते या औषधांमुळे. प्लाझ्मा एक्स्चेंज करायचं का यावर तुम्हाला दोन डॉक्टर दोन मतं देतील आणि दोघंही चूक नसतील. 2007 चा मेपेक्स अभ्यास त्याच्या बाजूने होता: क्रिएटिनिन 5.8 च्या वर असलेल्या 137 रुग्णांत तीन महिन्यांनी डायलिसिसविना जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण प्लाझ्मा एक्स्चेंजवर 69 टक्के, तर नुसत्या स्टिरॉइडच्या जास्तीच्या इंजेक्शनांवर 49. मग 2020 साली 704 रुग्णांचा पेक्सिव्हास आला आणि मृत्यू किंवा कायमची किडनी निकामी होणं यांत एकत्रित फरक दिसला नाही. त्याच अभ्यासाने दुसरी गोष्ट मात्र ठणकावून दाखवली: स्टिरॉइड लवकर कमी केलं तरी आजाराचा निकाल बिघडत नाही आणि गंभीर संसर्ग कमी होतात. म्हणून डॉक्टर गोळ्या भराभर उतरवत असतील तर घाबरू नका, आणि स्वतःहून एकही गोळी कमी-जास्त करू नका.

संसर्ग हा शब्द जड अक्षरात वाचा. पहिल्या वर्षात या रुग्णांना आजारापेक्षा संसर्ग जास्त वेळा नेतो. औषधं सुरू होण्याआधी छातीचा फोटो, हेपेटायटिस बी, एचआयव्ही बघितलं आहे ना, विचारून घ्या. शरीरात दबून बसलेला हेपेटायटिस बी रिटक्सिमॅबमुळे पुन्हा उठू शकतो. कोट्रायमोक्साझोलची गोळी लिहून दिली असेल तर ती न्युमोसिस्टिस न्युमोनियाला अडवायला असते, ‘सल्फाची जुनाट गोळी’ म्हणून टाळू नका. आणि मामा-मावश्यांची भेटायला रांग लागली तर दारातूनच चहा पाजून पाठवा. वाईट वाटलं तरी चालेल.

क्रिएटिनिन एका आठवड्यात 1.1 वर येईल ही अपेक्षा ठेवू नका. आधी चढणं थांबतं, मग रेंगाळतं, मग हळूहळू उतरतं. कदाचित 1.8 किंवा 2 वर येऊन स्थिरावेल. एक भाग निळा झाला आहे, त्याची किंमत कुठेतरी दिसणारच. मध्ये काही वेळा डायलिसिस लागलं तरी तो शेवट नव्हे, या आजारात काही जण त्यातून बाहेर येतात. लघवीतल्या लाल पेशी महिनोन्महिने दिसत राहू शकतात. एमपीओवाल्यांना आजार पीआर3वाल्यांपेक्षा कमी वेळा उलटतो, पण उलटतो. म्हणून बरं वाटल्यावरही लघवी आणि क्रिएटिनिन ठरल्या तारखेला.

दुसरी बायोप्सी लागेल का, हा तिसरा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. सहसा नाही. उपचार चालू असताना क्रिएटिनिन पुन्हा चढलं आणि ते ताज्या चंद्रकोरींमुळे की जुन्या व्रणांमुळे हे कळेना, तेव्हाच. त्या वेळी मला किंवा जो कुणी वाचेल त्याला पहिला तुकडा शेजारी ठेवून बघायचा असतो. म्हणून लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, पावती देऊन देतात. घरी कपाटात ठेवा, वर्षानुवर्षं टिकतो. फक्त मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरू नका. मागच्या उन्हाळ्यात एकांनी दुसऱ्या मतासाठी ब्लॉक आणून दिला, तीन तास सिव्हिल लाइन्सला गाडी उन्हात उभी होती; डबी उघडली तर मेण वितळून तळाशी थापलेलं आणि शेवईचा तुकडा त्यात कुठेतरी आडवा.